दोंबूची लढाई

आमच्या वस्तीत त्याला घण म्हणतात. आईबापांनी ठेवलेलं नाव वेगळं आहे, पण ते खाणीच्या हजेरीपुरतं उरलं. घण म्हणजे दगड फोडायचा मोठा हातोडा. त्याचे खांदे तसे होते, मान तशी होती, आणि बोलणंही तसंच, एकदा पडलं की समोरच्याचे दोन तुकडे. आज तोच माणूस रस्त्यानं निघाला की बायका दारातून हसून विचारतात, "काय घणभाऊ, आज पाठ रिकामी?" आणि तो लाजतो. साठीला टेकलेला, दारासारखा रुंद माणूस लाजताना बघायला फार बरं वाटतं. ते लाजणं त्याच्यापर्यंत कसं पोचलं ते सांगतो. ऐकणाऱ्यानं घाई करू नये. डोंगराची गोष्ट डोंगर चढायच्या चालीनंच सांगावी लागते.

आम्ही डोंगरची माणसं. हा डोंगर आमच्या आज्यापणज्यांचा. त्यांनी उतारावर दगडावर दगड ठेवून बांध घातले, बांधामागे माती अडवली आणि पायऱ्यापायऱ्यांची शेतं केली. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगड आणि दगडाला दगडाचा आधार. मग खाण आली. आमच्या बापांना पायथ्याला पत्र्याच्या छपराच्या दोन-दोन खोल्या मिळाल्या, पगार मिळाला, आणि डोंगराला तारेचं कुंपण मिळालं. खाली बाजाराची भाषा चालायची, म्हणून घरातही तीच शिरली. आमची जुनी बोली म्हाताऱ्यांच्या तोंडात राहिली आणि एकेक म्हाताऱ्याबरोबर मातीत गेली. आमच्या हाती उरलं ते एक गाणं.

ते आमचं लढाईचं गाणं. "हाणो दोंबू हाणो, हाणो दोंबू हाणो." अर्थ विचारायला कोणाकडे जायची गरजच नव्हती. हाणो म्हणजे हाणा, हे शेंबडं पोरही सांगेल. दोंबू हा पलीकडच्या खोऱ्यातला कोणी दुष्ट सरदार, ज्याला आमच्या पूर्वजांनी लोळवला. आमच्या फुटबॉल संघाच्या शर्टावर दोंबूचं मुंडकं छापलेलं होतं, झुपकेदार मिशांसकट. मिशा आम्हीच दिल्या होत्या. पगाराच्या संध्याकाळी आम्ही गोल उभं राहून, पाय आपटत, छाती बडवत ते गाणं म्हणायचो. ज्याचा आवाज मोठा तो मर्द मोठा. घणाचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

खाणीत तो ड्रिल चालवायचा. दगडात भोकं पाडायची, त्यात सुरुंगाची दारू भरणारे वेगळे. दिवसभर ते यंत्र छातीशी धरून थरथरायचं आणि संध्याकाळी ती थरथर घरी यायची. त्याची एकुलती एक मुलगी बापाच्या बुटांवरून दिवस ओळखायची. बूट दाराशी सावकाश सुटले तर ठीक. भिंतीवर आदळले तर ती मागच्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची. एकदा त्यानं ती कडीही लाथेनं तोडली. अंगाला हात लावला नाही, नुसता दारात उभा राहून ओरडला. "मी माझ्या पोरीवर कधी हात उगारला नाही," हे तो पुढं बरीच वर्षं चारचौघांत ताठ मानेनं सांगायचा, जणू न मारणं म्हणजे लेकीला केलेला दागिना.

मुलगी शिकली, शहरात गेली, इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला लागली, एका बस ड्रायव्हरशी तिनं लग्न केलं. फोन यायचा तो आईला. बापाच्या वाट्याला शेवटचं एक वाक्य, तेही आईच्या तोंडून: "तुम्ही बरे आहात ना, विचारतेय."

बरा कुठला असणार? ड्रिलच्या थरथरीनं बोटं गेली होती. थंडीत ती खडूसारखी पांढरी पडायची आणि त्यांना काही समजायचं नाही. शर्टाचं बटण लागेना, चहाचा कप हातात आहे की निसटला ते फुटल्यावर कळे. खाणीनं त्याला फाटकावर बसवला. गाडी आली की उघडायचं, गेली की लावायचं. ज्याच्या नावानं दगड घाबरायचे तो दांडी वर-खाली करत बसला. मग बाटली आली. ती आमच्याकडे दार न वाजवता येते.

आता आमचा सलूनवाला. हडकुळा, बोलका, कात्रीसारखा. त्याचा धाकटा भाऊ दारूत गेला, तेव्हापासून तो थोडा गप्प झाला आणि बराच जास्त ऐकायला लागला. तो सांगायचा, "दाढीआधी गरम टॉवेल तोंडावर टाकला की पुरुष बोलतात. चेहरा दिसत नाही ना. टॉवेल काढला की परत मर्द." एका दुपारी घण त्या खुर्चीत होता. टॉवेलखालून आवाज आला, "लेकीला दिवस गेलेत. मला बायकोनं नाही सांगितलं. दूधवाल्यानं सांगितलं." सलूनवाल्यानं टॉवेल काढला नाही. त्याच्यावर आणखी एक गरम टॉवेल टाकला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

त्याच सुमारास वरच्या उतारावरचा खाणीचा करार संपला. खालचा डोंगर त्यांचा खाऊन झाला होता, वरच्यात त्यांना रस नव्हता. कुंपण निघालं. बापांच्या तोंडून ऐकलेले टप्पे आम्ही पहिल्यांदा पाहिले: बरेच बांध ढासळलेले, माती वाहून गेलेली, झरा कुठे होता त्याचा पत्ता नाही. सलूनवाल्यानं खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "सुटीच्या दिवशी वर चला. बांध उभे करायचेत. बाटली खाली ठेवून यायचं. बोलायचं तर बोला, नाहीतर दगड उचला." आम्ही दहा-बारा जण गेलो. घण आला तो खरोखरचा घण खांद्यावर टाकून.

काम दणक्यात सुरू झालं. घण फोडणार, आम्ही रचणार, आणि तोंडानं दोंबूची कत्तल चालू. पण बांध काही ऐकेना. महिन्याभरात बांधाला पोट सुटायचं, मग एका पावसात अख्खा बांध खाली. आम्ही परत रचायचो, आणखी जोरानं ठोकून.

अशातच घणाला नात झाली. जावई लांबच्या मार्गावर, दोन-दोन दिवस घराबाहेर. मुलगी एकटी, पोर रडकं. तिनं आईला फोन केला की येते काही दिवस, पण एक अट आहे. बायकोनं ती अट ताटावर बसल्यावर सांगितली, "बाळाला तुम्ही हात लावायचा नाही, म्हणाली."

"मी काय राक्षस आहे?"

"तसं नाही म्हणाली. तुम्हाला घाबरते म्हणाली."

घणानं ताट सरकवलं नाही, ओरडला नाही. जेवला. दुसऱ्या दिवशी वर येऊन त्यानं एवढे दगड फोडले की आम्ही बाजूला झालो. कोणी काही विचारलं नाही, तरी तो म्हणाला, "बरोबर आहे तिचं. मला माझ्या बोटांचा भरवसा नाही, तिला माझा कुठून असणार?" आणि परत घण उचलला. एकच गोष्ट त्याला हवी होती त्या दिवसांत, आणि नेमकी तीच मागायची त्याची सोय नव्हती: लेकीनं आपण होऊन ते पोर त्याच्याकडे द्यावं.

झरा सापडेना म्हणून आम्ही घणाच्या आत्याला वर आणायचं ठरवलं. जुनी बोली घडाघडा बोलणारी ती एकटीच राहिली होती. लंबू आमच्यातला टेम्पोवाला. त्यानं तिला पुढच्या सीटवर बसवून आणलं, शेवटचा चढ खुर्चीत बसवून, खांद्यावरून. आत्यानं इकडेतिकडे बघून काठीनं दाखवलं, "त्या वाकड्या कड्यामागं खणा." आणि आम्ही तिला मान म्हणून गाणं ऐकवलं. पाय आपटून, छाती बडवून, सगळा जीव ओतून.

आत्या आधी कान देऊन ऐकत होती. मग तिचे खांदे हलायला लागले. सलूनवाला हळूच म्हणाला, "म्हातारीला गलबलून आलं." तेवढ्यात आत्यानं तोंडातली कवळी काढून हातात घेतली आणि खो-खो हसत सुटली.

"अरे मेल्यांनो, कोणाला हाणताय?"

"दोंबूला," लंबू म्हणाला.

"दोंबू कोण?"

"पलीकडच्या खोऱ्यातला सरदार. आपल्या पूर्वजांनी त्याला..."

"सरदार!" आत्याला ठसका लागला. पाणी पाजावं लागलं. "अरे शुंभांनो, दोंबू म्हणजे दूध पिऊन पोट टम्म झालेलं पोर. आणि हाणो म्हणजे झोप. झोप रे ढेरपोट्या, झोप. अंगाई आहे ती!"

लंबूनं मान खाली घालून आपल्या शर्टावरच्या मिशीवाल्या मुंडक्याकडे पाहिलं आणि हळूच जाकिटाची चेन वर ओढली.

"पण आजोबा पाय आपटून म्हणायचे," घण म्हणाला. "बाप सांगायचा मला."

"आपटून नाही रे बाळा. पाठीवर पोर आणि हातात दगड असला की चढावर पाय जड पडतो. माझा बाप, म्हणजे तुझा आजा, त्याच्या पाठीवर मी मोठी झाले. बाया पेरायला जायच्या, बांध घालणारे बाप्ये पोरं पाठीला बांधायचे. सगळ्यांच्याच घरी तसं."

"मग लढाया?" सलूनवाल्यानं विचारलं. त्याचा आवाज अगदी रडवेला झाला होता.

"कसल्या लढाया? खोऱ्यातले भांडायला आले की आम्ही वर पळायचो. पळण्यात आपला हात कोणी धरला नाही हो."

आधी कोण हसलं ते आठवत नाही. पण एकदा सुरू झालं ते थांबेना. आम्ही पोट धरून त्या उतारावर बसलो. इतकी वर्षं छात्या बडवून आम्ही एका तान्ह्या पोराला झोपायला सांगत होतो! मला सांगायला हरकत नाही, त्या हसण्यात छातीवरून काहीतरी उतरलं. जणू कोणीतरी कित्येक वर्षं उभं राहायला सांगितलं होतं आणि आता म्हणालं, बस बाबा.

हसला नाही तो घण. तो आत्याकडे बघत होता आणि आत्या बांधाकडे.

"याला पोट सुटलंय. कोणी घातला?"

सगळ्यांच्या नजरा घणाकडे वळल्या.

"ठोकून बसवलास. जा, त्या जुन्या बांधावर हातोड्याची एक खूण शोधून दाखव मला."

घण गेला. न ढासळलेल्या त्या जुन्या तुकड्यासमोर गुडघे टेकून बसला, बधिर तळवा दगडांवरून फिरवला, मग बोटांवर विश्वास नाही म्हणून गाल लावला. एकही खूण नव्हती. एकही दगड फोडलेला नव्हता.

"पाठीवर पोर झोपलेलं असताना घण कोण मारेल?" आत्या म्हणाली. "आवाजानं उठेल. धक्क्यानं मान हिसडेल. म्हणून दगड फोडायचा नाही, त्या जागेचा दगड शोधायचा. गुडघ्यात वाकायचं, ठेवायचा, हलवून बघायचा. डुगडुगला तर दुसरा. पोरामुळे हात सावकाश चालायचा, म्हणून ते बांध उभे राहिले. ताकदीनं नाही काही."

घण गुडघ्यांवरूनच वळून म्हणाला, "आत्या, पोर बांधायचं कसं ते दाखव."

दुसऱ्या सुटीला तो पिठाची पिशवी घेऊन आला. आत्यानं लांब कापड कसं फिरवायचं, गाठ छातीवर कशी घ्यायची, पोराची मान कुठे टेकवायची ते दाखवलं. "आणि गाणं तोंडानं नाही, पाठीनं म्हणायचं. कान तिथं असतो त्याचा." पहिल्याच दिवशी घण जुन्या सवयीनं कमरेत वाकला आणि सगळं पीठ डोक्यावरून पुढं आलं. डोळे तेवढे काळे, बाकी माणूस पांढरा.

"नात अंगावर आली रे!" लंबू ओरडला.

"हसा लेको," घण पीठ थुंकत म्हणाला. "तुम्हालाही एकेक बांधतो."

आणि बांधलंच. कोणी बटाटे, कोणी वाळू. लंबूनं टेम्पोची जुनी बॅटरी बांधली आणि आत्याच्या शिव्या खाल्ल्या. चेष्टा करता करता आमचे हात सावकाश झाले. वाकताना गुडघे आठवायला लागले. दगड निवडताना माणूस उभा राहतो, उभा राहिला की शेजाऱ्याशी बोलतो. टॉवेल नसतानाही बोलायला लागलो. बांधांची पोटं बसली. घणाची बाटली सुटली असं एका वाक्यात सांगितलं तर ते खोटं होईल. सुटली, परत धरली, परत सुटली. पण पाठीला पिशवी असताना त्यानं तिला कधी हात लावला नाही, आणि पिशवी तो आता घरून फाटकापर्यंतही नेऊ लागला होता.

मुलगी आली तेव्हा घणानं आपली खुर्ची दाराबाहेर नेऊन ठेवली. पोर रडायचं, दिवसभर रडायचं. मायलेकी आळीपाळीनं खोलीत येरझारा घालायच्या आणि घण बाहेर मांडीवर हात ठेवून बसायचा. मुलगी कपडे वाळत घालताना त्याच्याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायची, पण बोलायची नाही. एका सकाळी तो पिशवी बांधत होता तेव्हा तिला राहवलं नाही. पुढचं बोलणं मला त्याच्या बायकोनं सांगितलं. ती आत ओट्यापाशी होती आणि तिनं मुद्दाम नळ बंद केला होता.

"हे काय?"

"पीठ."

"ते दिसतंय. पाठीवर कशाला?"

"सावकाश वाकायची सवय व्हावी म्हणून." तो गाठ मारायचा थांबला. "तुझ्या खोलीची कडी मी तोडली होती. तुझं काय झालं असेल हे कधी विचारलं नाही. वर मारलं नाही म्हणून मिरवत फिरलो."

"मला माहीत आहे बाबा. मी आत होते."

"हो. आत होतीस." तो गाठ ओढत म्हणाला, "बाळ मिळावं म्हणून हे बोलत नाहीये."

"मग कशासाठी?"

"तोंडावर सांगायचं राहिलं होतं."

ती आत निघून गेली. मिठी नाही, रडणं नाही. बायकोनं नळ परत सोडला. घण पिशवी घेऊन कामावर गेला.

त्यानंतरच्या सुटीला ऊन छान पडलं होतं आणि आम्ही झऱ्यावरच्या टप्प्याचा बांध रचत होतो. झरा आत्यानं सांगितला तिथंच निघाला होता, कड्याच्या पलीकडे. खालून रडणं ऐकू आलं. आधी वाटलं पक्षी असेल. मग पायवाटेवर घणाची बायको दिसली, मागं मुलगी, तिच्या खांद्यावर लालबुंद झालेलं ते पोर. मुलीचे डोळे खोल गेले होते. रात्रभर झोप नसलेल्या माणसाचं चालणं असतं तसं ती चालत होती, पाय कुठे पडतोय याची फिकीर नसलेलं.

घणाच्या हातात दगड होता. त्यानं तो जागेवर ठेवला, हलवून पाहिला, आणि मग वळला.

"बाबा," ती म्हणाली, "थोडा वेळ घेता?"

घणाचे दोन्ही हात पुढं आले, आणि त्यानंच ते मागं घेतले.

"हातात नको. बोटांचा भरवसा नाही माझ्या. पाठीवर बांध." त्यानं पिशवी सोडून कापड तिच्याकडे दिलं. "गाठी तूच मार. तुझ्या मनासारख्या."

तो तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिनं पोर त्याच्या पाठीला लावलं, कापड फिरवलं, गाठ मारली, ओढून पाहिली, सोडली, परत मारली. आत्यानं शिकवलेलं तिला सांगायला घणाची बायको पुढं झाली होती, पण सलूनवाल्यानं तिला डोळ्यानं थांबवलं. चौथ्या की पाचव्या वेळेला गाठ तिच्या मनासारखी झाली. "उठा," ती म्हणाली. "हळू."

तो उठला. चालायला लागला. ती मागं, दोन्ही हात हवेत, पडलं तर झेलायला. पोरानं आधी रडून आकाश फाडलं. घण थांबला नाही, बोलला नाही. बांधाच्या कडेनं जायचा, एक दगड निवडायचा, गुडघ्यात वाकायचा, ठेवायचा. त्याच्या छातीतून काहीतरी घुमत होतं, आम्हाला जेमतेम ऐकू येत होतं, पण ते आमच्यासाठी नव्हतंच. रडण्याचे हुंदके झाले, हुंदक्यांच्या उचक्या. मग एक गाल त्याच्या पाठीवर चपटा झाला आणि ओठ उघडे पडले.

मुलीचे हात खाली आले. ती तिथंच बांधाला टेकून बसली, बघत राहिली, आणि बघता बघता तीही झोपली. आईनं तिच्या डोक्याखाली पिठाची पिशवी सरकवली. आम्ही कुजबुजत दगड उचलायला लागलो. लंबूला शिंक आली तर तो नाक दाबून अर्धा उतार खाली पळाला आणि तिकडे शिंकून आला.

घण मात्र थांबला नाही. थांबलं तर जागं होईल या भीतीनं तो दुपारभर दगड ठेवत राहिला. त्याचा शर्ट भिजला, सलूनवाल्यानं पाण्याची बाटली त्याच्या तोंडाला लावली, कारण गाठ सोडायची परवानगी कोणालाच नव्हती.

ऊन कलल्यावर मुलगी दचकून उठली. तिनं आधी मांडी चाचपली, मग इकडेतिकडे पाहिलं. बाप बांधाच्या टोकाला होता. पाठीवर पोर, लाळेचा एक मोठा ओला डाग, आणि सगळं शांत. ती त्याच्याजवळ गेली. गाठीला हात लावला. आम्हाला वाटलं, सोडतेय.

"दुखतंय का?" तिनं विचारलं.

"नाही."

"खोटं बोलता."

"थोडं दुखतंय."

तिनं गाठ थोडी वर सरकवली, खांद्यावरची घडी सपाट केली. "असू दे तिला अजून थोडा वेळ," ती म्हणाली. "मी झऱ्यावर तोंड धुऊन येते."

झरा कड्याच्या मागं. तिथून इकडचं काही दिसत नाही. ती सावकाश निघाली, केस सोडून परत बांधत, कड्यापाशी वळली आणि दिसेनाशी झाली. एकदाही मागं न बघता.

घणानं इतका मोठा श्वास सोडला की पाठीवरचं पोर वर जाऊन खाली आलं, पण उठलं नाही.